रुपालीचा चष्मा

४ फेब्रु.
सोनईची सभा. सुरुवातच अशी केली : "बायांनो, पोर आपल्या पोटची, पण तिला दवाखान्यात न्यायचं तर आधी नवऱ्याला विचारायचं." टाळी नाही. सगळ्या खाली बघत बसल्या. म्हणजे लागलं.
नंतर संगीता जवळ आली. मुलगी रुपाली, पाच वर्षांची. दोन वर्षांपासून दोन्ही बाहुल्या दुधासारख्या पांढऱ्या. मोतीबिंदू. नवरा बाळू ट्रॅक्टर चालवतो. म्हणतो, देवीचं हाय, देवीच नेईल.
म्हटलं, ऑपरेशनला आईची सही चालते. चल नगरला.

७ फेब्रु.
उजवा डोळा झाला. डावा सोमवारी, १७ ला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर केला तर तो बघायचं शिकणारच नाही. आणि जाड चष्मा कायम, नाहीतर ऑपरेशन फुकट.

१२ फेब्रु.
दवाखान्यात चष्मा मिळाला. बाळूही आला होता, तोंड फुगवून. रुपाली आईकडे बघतच राहिली.
"आई, तुजा डोळा सुजलाय का गं?"
"दार लागलं, बाळा."
"दार न्हाई. बाबा हुते. मला ऐकू आल्तं."
बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. बाळूनं मान वळवली.

१३ फेब्रु.
बाळूनं चष्मा फोडला. पाट्यावर ठेवून, वरवंट्यानं. "घुबडावानी टक लावून बघती माझ्याकडं. कोन बायकू करील हिला?" संगीता आडवी गेली. पुढचे दोन दात पडले. रुपालीच्या फ्रॉकवर रक्त.
मी गेले तर, "ताई, भाषन चावडीवर," म्हणाला आणि मला भिंतीवर ढकललं. मी चप्पल काढून थोबाडावर हाणली. दोनदा. अहिंसेवर तासभर बोलते मी. तेव्हा एक शब्द आठवला नाही. वाईटही वाटत नाही.
संगीता तक्रार देत नाही. "आधी डावा डोळा हू द्या, ताई. मग बगते त्याच्याकडं."

१६ फेब्रु.
नगरहून नवा चष्मा आणून दिला, संगीतानं पिठाच्या डब्यात लपवलाय. बाळू सकाळपासून ओट्यावर, मांडीवर कोयता. पोरगी बाहेर निघाली तर पाय तोडीन म्हणतो.
आज भाषण नाही. घरोघर गेले. शेजारची कौसाबाई म्हणाली,
"आन त्यानं कोयता उचलला तर?"
"किती जणींवर उचलेल?"
"तेवढ्या आल्या तर." दार लावून घेतलं.
दाराबाहेरूनच सांगितलं. बाकीच्या दारांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं : उद्या सकाळी सहाला संगीताच्या ओट्यापाशी या. बोलू नका. रुपालीला मधे घ्या आणि नगरच्या जीपपर्यंत चाला.