तुझ्यामाझ्यातलं सेम

ता. ९, मंगळवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

धाकटे,

तुला पोटभर आशीर्वाद. माझे गुडघे सोडले तर इकडे सगळे ठीक. सूनबाई कामावर गेलीय, नात शेजारी बसून या पत्राचाच दुसरा कागद खडूनं रंगवतेय. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. चौथीनंतर माझ्या हातात पेन पडलंच कधी?

सांगायचं म्हणजे, मी इंग्रजी शिकतेय! हसू नकोस. एकच शब्द शिकलेय, पण तो इतका कामाचा की दुसरा लागतच नाही. सेम. नात दिवसभर तेवढंच बोलते. बापाला मोठा पेला दिला की "मला पण सेम". गोष्ट सांगायला बसले तर "नवी नको, कालची सेम सांग", आणि मी एक वाक्य गाळलं तर लगेच पकडते. मैत्रिणीला ताप आला तर हीसुद्धा पांघरूण घेऊन आडवी, "मला पण सेम होतंय". आपल्याला तोच, तसाच, तेवढाच, मलाही, असे किती शब्द खर्च करावे लागतात! ही पोर एका शब्दावर अख्खं घर चालवते. आता मीही लागले. भाजीवाल्यानं विचारलं, "आजी, काय देऊ?" म्हटलं, "सेम." त्यानं बरोबर कालचंच दिलं की! मी तर हरखूनच गेले.

आपल्या वेळी हा शब्द असता तर मुकादमाची किती सोय झाली असती. एकाच ताग्यातले आपले झगे, सारख्या वेण्या, नाकंही एका साच्यातली. बुटांच्या कारखान्यात तो मला रागवायचा आणि समजूत तुझी काढायचा. तूही मुकाट काढून घ्यायचीस, लबाड! त्या लांब टेबलाशी डावे बूट माझ्याकडे, उजवे तुझ्याकडे. चामड्याचा रंग जुळला की मान हलवायची, नाड्या एकत्र बांधायच्या, जोड खोक्यात. तो तपकिरी माल आठवतो? माझ्याकडचे दोन डावेच इतके हुबेहूब निघाले की मी तुला दाखवले, तूही खुशीत मान हलवलीस, आणि गेले की ते तसेच खोक्यात! मुकादम ओरडला, "रंग जुळला म्हणून दोन्ही डावे? गिऱ्हाइकाचे दोन्ही पाय डावे आहेत काय?" तू तोंडाला फडकं लावून हसत बसलीस, बोलणी मी खाल्ली. ते हसणं अजून कानात आहे माझ्या.

इथे जरा थांबले होते. पाणी पिऊन आले.

आता रागावू नकोस. तुझ्या लेकानं तुझा फोटो पाठवलाय. तू नको म्हणाली होतीस, ठाऊक आहे. त्याला बोलू नकोस, मीच त्याच्या मागे लागले होते. तुला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तू फोनवर येत नाहीस. बोलावलं तर निरोप धाडतेस, "ताईला सांगा, आता आम्ही सारख्या दिसत नाही, पोरं घाबरतील." पाकीट आलं, पण उघडायचा धीर होईना. उशीखाली ठेवून दिलं. काल काढलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, एक डोळा अर्धा मिटलेला. बघत बसले नुसती.

तेवढ्यात नात मागून आली. मी लपवायला गेले तर हिसकावलाच तिनं. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, कवळी काढल्यावर तू सेम अशीच दिसतेस!"

म्हटलं, "ही मी नाही गं, ही माझी धाकटी बहीण."

"मग ती पण कवळी विसरली?"

धाकटे, मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं, पण ते जाऊ दे.

रविवारी मी येतेय. मुलगा आणून सोडणार आहे, नात हट्टानं सोबत येतेय. तू आतल्या खोलीत जाऊन बसलीस तर ती दार वाजवून वाजवून तुझा जीव खाईल, सांगून ठेवते. बोलताना शब्द अडकतात म्हणे तुझे. अडकू देत. एकेकाला हवा तेवढा वेळ लाव, मला कुठे गाडी पकडायचीय?

तुझी, अजूनही तुझ्याच तोंडवळ्याची,
ताई