रस्त्यावरून दिसलेलं शिवार

२५ नोव्हें. १९७२
नगरहून परत. भूगोल शिक्षकांचं शिबिर संपलं. एका प्राध्यापकांनी अमेरिकेच्या नव्या उपग्रहाचं चित्र दाखवलं. नऊशे कि.मी. वरून जमिनीची चित्रं काढतो. फिरत फिरत दर अठरा दिवसांनी पुन्हा त्याच गावावर. आणि हिरवं पीक चित्रात लालभडक! हिरव्या पानावरून आपल्याला न दिसणारा एक प्रकाश भरपूर परततो, तो याला दिसतो. त्याला लाल रंग देतात. उघडं रान राखाडी. आमचं गाव कसं दिसेल ते चित्र न बघता सांगते.

२७ नोव्हें.
हे गावचे तलाठी. पिकाची आणेवारी लावली म्हणे, आठ आणे! म्हणजे निम्मं पीक आलं. कुठे आलं? बाजरी करपून गेली. सहा आण्यांच्या वर गेलं की टंचाई नाही. टंचाई नाही म्हणजे खडी फोडायचं सरकारी कामसुद्धा नाही. जेवताना विचारलं.
"यंदा तहसीलदार साहेबांच्या जीपमधून पाहणी झाली. रस्त्यावरून दिसलं ते लिहिलं."
रस्त्याकडेला विहिरीवरचे मळे, ते हिरवे दिसणारच! बाकी सगळं शिवार टेकाडामागे. दरवर्षी पंचांना घेऊन पायी फिरायचे. यंदा जीपचा थाट. ताटावरून उठले मी.

३० नोव्हें.
शेजारच्या शेवंताकाकू बोचकं घेऊन दारात. "बाई, आमी पुनतांब्याला चाल्लो. पाटाच्या पान्यावर ऊस हाय तिकडं, कायतरी काम घावंल. हितं तर लई पिकलंय म्हनं!"
घराची किल्ली माझ्या हातात दिली. हे आतच होते. बाहेर आले नाहीत. इतका संताप, की भाकरी तव्यावर जळाली तरी कळलं नाही.

२ डिसें.
आज तोंड सोडलंच. "नऊशे कि.मी. वरून टेकाडामागचं दिसतं, तुम्हाला दोन मैलांवरून दिसेना?"
"मग त्या उपग्रहालाच तलाठी कर!"
"करते! तो साहेबांच्या जीपमध्ये तरी बसत नाही."
मग हळूच म्हणाले, आकडा फिरवला तर साहेब बदली करतील. कुठेतरी लांब.
"करू देत. सामान मी बांधते."
 

३ डिसें. रवि.
हे सकाळीच सायकल घेऊन गेले. न सांगता. चावडीपुढे वाट फुटते. एक टेकाडामागे, एक शेवगावला साहेबांकडे. कुठली धरली पाहिलं नाही, मी रागाने पाठ फिरवून बसले होते. उपग्रह सकाळी दहाच्या सुमाराला जातो म्हणे. आज आमच्यावरून गेला असेल, तरी काय उपयोग? त्याला शेत दिसतं, माणूस दिसत नाही.
दुपार टळली. यांची भाकरी झाकून ठेवलीय. काकूंची किल्ली खुंटीवर आहे.