गुरुप्रसाद लेक रिसॉर्टचं माझ्यामागं काय करायचं

लिहून ठेवणार : श्रीमती नीलम्मा गुरुसिद्ध उमराणी, वय वर्षे शहात्तर, धंदा खानावळ (मुलाच्या बोर्डाप्रमाणे 'लेक रिसॉर्ट'), राहणार मौजे तळेवाडी, तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीनं लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचा दाब नाही. तिघांनी आणून बघितला, त्यातले दोघे आत्ता समोर कट्ट्यावर माझाच चहा पीत बसले आहेत. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कुठला?" मी म्हटलं, "रविवार असता तर मी हितं आले असते व्हय? गिऱ्हाईक कोण बघणार?" त्यांनी लगेच सही केली.

यापूर्वी रागाच्या भरात मी तोंडी पुष्कळांना पुष्कळ काही देऊन टाकलं आहे आणि पुष्कळांना बेदखल केलं आहे. ते सगळं रद्द. वकील हंबीरराव मध्येमध्ये "हे नको लिहायला" म्हणतात. ते आधी लिहायचं.

कलम १. मिळकत. तळ्याला लागून पाच एकर जमीन, त्यावरची खानावळ, सहा खोल्या, होड्या. जमीन वडिलोपार्जित नाही. माहेरच्या पाटल्या मोडून मी ती माझ्या नावावर घेतली. तेव्हा सासर म्हणालं, "खडकाळ माळ घेतला, सून खुळी हाय." पुढं सरकारनं शेजारी तलाव बांधला आणि खुळी सून एका पावसाळ्यात दूरदृष्टीची झाली. खरं सांगायचं तर तलावाचा मला पत्ताच नव्हता. सासूपासून लांब, दिवसभर जाऊन बसता येईल असं एक शेत हवं होतं, एवढंच.

कलम २. धंद्याची हकिगत. ही ऐकल्याशिवाय वाटणी कळायची नाही. आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सुरुवातीला मी चहा आणि झुणका-भाकरी ठेवली. पहिल्याच रविवारी शिरोली एमआयडीसीतले फौंड्रीवाले आले, तळं बघितलं, भाकरी बघितली आणि म्हणाले, "मावशी, पाणी बघून पोट भरतंय व्हय? रस्सा कुठं हाय?"

माझे यजमान कै. गुरुसिद्ध भांडण टाळण्यात हुशार. त्यांनी मधे भिंत घातली. अलीकडं माझी चूल, पलीकडं गावातल्या अंबूबाईची. पलीकडं काय शिजतं ते मला अधिकृतपणे आजही माहीत नाही. दोन्ही मुलांची शिक्षणं त्यावर झाली, एवढं माहीत आहे. भिंत पहिल्यांदा कमरेएवढी होती. आमच्याच समाजातली माणसं पलीकडं जेवायला लागल्यावर डोक्याच्या वर न्यावी लागली.

कलम ३. माझे दीर शिवकुमार. यांनी समाजाच्या सभेत उभं राहून मी कुळाला बट्टा लावला असं भाषण केलं. मी खाली मान घालून ऐकलं. त्याच आठवड्यात भावोजी पलीकडं कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडं तोंड करून बसले होते, कानटोपी घालून, मे महिन्यात. अंबूबाई मला म्हणाली, "वैनी, पांढरा वाढू की तांबडा?" मी म्हटलं, "मला काय विचारतीस? मला काय म्हाईत न्हाय. पण घरचं माणूस हाय, सढळ हातानं वाढ." ते टेबल, खुर्ची आणि वरचा पंखा भावोजींना देण्यात यावा. घरी न्यावा. कोण आलं-गेलं तर कुठून आणला ते त्यांनी सांगावं.

कलम ४. चिरंजीव राजशेखर. राजारामपुरीत राहतो, मुलांना व्यक्तिमत्त्व सुधारायचे क्लास घेतो. १९९४ साली त्यानं 'गुरुप्रसाद खानावळ' पुसून 'गुरुप्रसाद लेक रिसॉर्ट' लिहिलं आणि हंसाच्या दोन होड्या आणल्या. एका हंसाची मान पहिल्याच उन्हाळ्यात मोडली. तो आता बदकासारखा दिसतो, पण चालतो चांगला. दोन्ही हंस राजशेखरला.

गेल्या वर्षी तो एका बिल्डरला घेऊन आला. पाचही एकरांत प्लॉट पाडायचे. मला न विचारता टेप टाकला आणि दारातल्या बेलाच्या बुंध्याला चुन्याची फुली मारली. राजशेखर म्हणाला, "अव्वा, भाकरी थापायचे दिवस गेले की आता. इथं कमान होणार, मोठी." बिल्डर म्हणाला, "आजी, तुम्हाला वन बीएचके फुकट." मी विचारलं, "तळं दिसतंय का त्यातनं?" म्हणाला, "पुढच्या दोन बिल्डिंगच्या मधनं दिसतंय की!" त्यांना 'कळवते' म्हटलं होतं. उत्तर कलम सातमध्ये आहे.

कलम ५. वाटणी. माझी मुलगी शिवलीला नवऱ्याचं घर सोडून आली त्याला बारा वर्षं झाली. आली तेव्हा नातेवाईक सांत्वनाला आले आणि फुकट जेवून गेले. तिनं दुसऱ्याच दिवशी गल्ला हातात घेतला. आज खानावळ चालते ती तिच्यामुळं. भिंतीच्या दोन्ही बाजू, खोल्या आणि मागचं अर्धं शेत शिवलीलाला.

पुढचा अर्धा भाग, बेल आणि रस्त्यावरचं फाटक, हे राजशेखरला. हंबीरराव म्हणतात, "नीलाक्का, त्यानं पुढचं विकलं तर मागं खानावळीला वाट राहात नाही. पोरगी रस्त्यावर येईल." मला कळतं ते. पण तो माझं पहिलं लेकरू. त्याला गोवर निघाला तेव्हा मी रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते. त्याचा मला संताप येतो आणि त्याची माया सुटत नाही, दोन्ही लिहा. त्याला रिकाम्या हातानं ठेवून मला सुखानं जाता येणार नाही.

सूनबाई विद्याश्रीला माझा पाटा-वरवंटा. तिनं तो "दिवाणखान्यात छान दिसेल" असं दोनदा म्हटलं आहे. वापरायची भीती नाही.

कलम ६. अंबूबाईला तिची चूल, सगळी पातेली आणि ती भिंत. भिंत ठेवायची की पाडायची ते तिनं ठरवावं. मी तिला विचारलंही. ती म्हणाली, "पाडू नगा वैनी. मग तुमची माणसं जेवायची कुठं?"

कलम ७. माझी शेवटची व्यवस्था. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, आडवंही करत नाहीत. आपल्याच मातीत मांडी घालून बसवतात, आणि एकदा बसवलं की कुणी उठवत नाही. जंगमांनी विभूती लावावी, माझं गळ्यातलं इष्टलिंग माझ्या डाव्या हातात द्यावं, बेल वाहावा. रविवारी गेले तर सोमवारी बसवा, रविवारी गिऱ्हाईक असतं.

जागा मी नेमली आहे. दारातल्या बेलाखाली, चुन्याची फुली आहे तिथंच. ग्रामपंचायतीची परवानगी घेतली आहे. तोंड तळ्याकडं नको. एवढ्या वर्षांत तळं बघायला सवड झाली नाही, आता काय बघायचं? तोंड फाटकाकडं. फाटक उत्तरेला आहे, जंगमांची हरकत नाही. गल्ल्यावर बसून कोण आलं, कोण गेलं बघायची मला सवय आहे. वर दगडी चौथरा बांधावा आणि सोमवारी दिवा लावावा.

माती राजशेखरनं स्वतःच्या हातानं लोटायची. लोटली की पुढचा भाग त्याच्या नावावर होईल. नाही लोटली, तर तोही शिवलीलाचा. एकदा नावावर झाला की जमीन विकायला त्याला पूर्ण मोकळीक आहे. बिल्डरनं खुशाल यावं, कमान उभारावी. मी कुणाला अडवणार नाही. मी नुसती बसणार आहे.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, मी एकदा हसले, एकदा रडले, आणि सगळं बरोबर आहे म्हणून खाली सही करते.

(सही) नीलम्मा गुरुसिद्ध उमराणी

साक्षीदार :
१. गणपतराव ज्ञानू चौगुले, निवृत्त शिक्षक, कोडोली
२. गुंडू केरबा भोई, होडीवाला, तळेवाडी

स्थळ : तळेवाडी, बेलाखाली
दिनांक : ८ नोव्हेंबर २००४, सोमवार