वीसपट लहान

४ मार्च १९६१, फोर्त्सहाइम
आज 'एस' हे अक्षर अकरा वेळा काढलं. अकराही वेळा पोटाशी वळताना हात थरथरला. कुणी पाहिलं नाही. कागद पिशवीत लपवून घरी आणले, शेगडीत टाकले.

६ मार्च
अजून तरी निभावतंय. माझं अक्षर कागदावर वीतभर. त्यावरून आमच्या घड्याळांच्या कारखान्यातले जुने कारागीर बिशॉफ पितळी पाटीवर खाच कोरतात. यंत्राची सुई खाचेतून फिरते आणि दुसऱ्या टोकाला घड्याळाच्या पाठीवर अक्षर उमटतं — वीसपट लहान. थरथरही वीसपट लहान! भिंग लावलं तरी दिसत नाही. म्हणून तर ऑक्टोबरपासून, हात थरथरू लागल्यापासून, गप्प आहे. एकोणीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं गिरवली. ही वर्णमाला माझी, माझ्या नावाची. एवढी पुरी होऊ दे, मग हात गेला तरी चालेल.
नाही, चालणार नाही. काय लिहितेय मी!

९ मार्च
मेले! क्नोडेलसाहेब नाचतच आले. "बाई, नशीब काढलंत! श्टुटगार्टच्या छापखान्याला तुमची अक्षरं हवीत, प्रदर्शनाच्या पोस्टरवर. एकेक अक्षर पुरुषभर उंच!"
"पितळेवरून घेणार?" मी विचारलं.
"छे हो, कागदावरच्या अक्षरांवरून. बावीस तारखेला पाठवायची."
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. पुरुषभर उंच! आंधळ्यालासुद्धा थरथर दिसेल.

१३ मार्च
चारच अक्षरं धड. इर्मगार्ट म्हणाली, "ताई, मसूर निवले गं." चमचा उचलला, अर्धे मांडीवर. तिनं लगेच पुसलं. तरी बहिणीवरच ओरडले. मीच वाईट.

१५ मार्च
राहवेना. बिशॉफांकडे गेले, दार लावलं, सांगून टाकलं. त्यांनी हातातली कानसही खाली ठेवली नाही.
"नाताळापासून ठाऊक आहे मला. कोरताना सरळ करून घेतो. एवढं काय त्यात?"
रडलेच मी. म्हातारा गडबडला. "अहो बाई, पितळेवर टिपं नका गाळू, डाग पडतात!" मग म्हणाले, खाचांत शाई भरून पातळ कागदावर ठसे घेऊ, कागद उलटून रेघांच्या आतलं काळं करू, तेच पाठवू. कोण बघतंय!

२० मार्च
ठसे झाले. भिंतीवर लावले. रेघ कशी नितळ! बघत राहिले — आणि जवळ गेले. 'एस'ची कंबर मी इतकी वर घेतलीच नव्हती. 'आर'चा पाय माझा बाकदार, हा ताठ. माझे कागद काढून एकेक शेजारी धरला. नुसती थरथर नाही काढलेली बिशॉफांनी. चाळीस वर्षांच्या सवयीनं स्वतःचं वळण दिलंय, स्वतःच्याही नकळत.
माझ्याहून सरस आहेत अक्षरं. पण माझी नाहीत.

२१ मार्च
गप्प बसावं? कुणाला कळणार नाही. बिशॉफांनासुद्धा नाही. दिवसभर हेच.

२२ मार्च
साहेब खूश. "खाली नाव घालू ना — गेरहिल्ड फ्रॉमर?" म्हटलं, नाही, ओटोकार बिशॉफ. म्हातारा मागून ओरडला, "वेड लागलं का हो तुम्हाला!" साहेबांना थट्टा वाटली. मग मी उजवा हात त्यांच्या टेबलावर ठेवला, आणि थरथरू दिला.