उपटलेला वांग्यांचा वाफा

धाकट्या, आशीर्वाद. पण आज अर्धाच.

मी बरी आहे. रोपवाटिकेतलं काम जमलंय, खोलीत ऊन येतं. आईला एवढंच वाचून दाखव.

पुढचं तुझ्यासाठी. बाबांचं पांढऱ्या वांग्याचं शेवटचं झाड मरायच्या आधी मी त्याचा जांभळ्याशी संकर केला. त्या बियांच्या सगळ्या झाडांना जांभळी वांगी लागली, म्हणून तू वाफाच उपटलास? आधी विचारायला काय झालं होतं?

अरे, पांढरा रंग गेला नव्हता. तो प्रत्येक झाडात होता, फक्त जांभळ्यापुढे दिसत नव्हता. त्याच झाडांचं बी पेरलं असतं, तर चारांत एखादं पांढरं आलं असतं. बाबांना मी हे सांगितलं होतं. म्हणून तर आजारी पडेपर्यंत ते रोज पाणी घालत होते. आणि तू अक्कल गहाण ठेवलीस.

त्यांचा खोकला कसा आहे? खरं लिही.

आता उपटलेल्या झाडांचा ढीग उकर. पहिल्या फळाला बाबा बियांसाठी चिंधी बांधतात. ते पिकलेलं सापडलं, तर त्यांच्या हातात दे आणि काय केलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग.

उरलेला आशीर्वाद पांढरं वांगं लागल्यावर.

तुझी ताई