सात नंबरची फरशी

३ मार्च
झालं! मोठ्या साहेबांनी बोलावलं. दोन महिन्यांत ते निवृत्त होणार. गोदामांना नवा प्रमुख हवा. अकरा गोदामं, त्यांचे भाडेकरू, ट्रकांची ये-जा, सगळं त्याच्या हाती. त्याआधी 'उद्याचं नेतृत्व' नावाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण. उपव्यवस्थापक मी एकटाच, म्हणजे निकाल ठरलेला. घरी सांगितलं. हिने अर्ध्या तासात माहेरी कळवलं.

५ मार्च
प्रशिक्षक एकट्याला शिकवत नाहीत म्हणे. दुसरं नाव हवं. वजनकाट्यावरच्या बाईंचं टाकलं. बावीस वर्षं ट्रक तोलतायत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. निरुपद्रवी.

९ मार्च
प्रशिक्षक माझ्या मेव्हण्यापेक्षाही लहान. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, असं विचारलं. मी 'शिखरावर' म्हणालो. बाई म्हणाल्या, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली असतील. प्रशिक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. कुणाबद्दल ते दिसलं नाही — मान लांब करूनही.

११ मार्च
शेवटची परीक्षा: खरं गिऱ्हाईक. औषधांच्या कंपनीच्या मालकीणबाई जागा बघायला आल्या. सात नंबरचं गोदाम वर्षभर रिकामं. तेच गळ्यात मारायचं मी ठरवलेलं. पडद्यावर बेचाळीस चित्रं दाखवली. 'क्षितिज' हा शब्द सहा वेळा वापरला. मालकीणबाई जांभई दाबत होत्या. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, तुम्ही घ्याल का ही जागा?
"सात नंबर घेऊ नका," बाई म्हणाल्या. "मागच्या टोकाला फरशी खचलीय, तुमचे उंच रॅक कलतील. चार नंबर घ्या. पण आधी आमच्याकडून गटार दुरुस्त करून घ्या."
खचली ती माझ्या पायाखालची! साहेब शेजारीच उभे.

१२ मार्च
मालकीणबाईंनी चार नंबर घेतलं. वर पाच नंबरही. खरं सांगणाऱ्यांकडे माल ठेवला की झोप लागते म्हणे.

१६ मार्च
प्रमुख — बाई.
हिने माहेरी अजून कळवलेलं नाही. सासरेबुवांचा अभिनंदनाचा फोन आला. आभार मानले. करणार काय?

१ मे
बाईंनी आज खुर्ची घेतली. मी राजीनामा खिशात घालून गेलो. मला तोंड उघडू न देता त्या थेट सात नंबरमध्ये घेऊन गेल्या, अगदी मागच्या टोकाला.
"तीन वर्षांनी मी जाणार. मग हे तुम्हालाच बघायचंय. वाका जरा."
वाकलो. इथल्या नोकरीच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा. बोट जाईल एवढी फट! आणि मी इथे क्षितिज दाखवत होतो.
राजीनामा खिशातच राहिला. हिने पँटसकट धुतला.

८ मे
नवं गिऱ्हाईक आलं. नऊ नंबर मी दाखवलं. त्यांनी विचारलं, छप्पर गळतं का?
"हो," मी म्हणालो.