मुद्दाम चुकवलेली उत्तरं

ग्रँड आयलंड, नेब्रास्का
१३ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय लोर्ना मावशी,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? इकडे सगळे मजेत. आईने कॉलेजच्या रंगाचा, हिरवा-पांढरा केक आत्तापासून सांगून ठेवलाय. बाबांनी ट्रकवर कॉलेजचा स्टिकरही चिकटवला. मी म्हटलं, "बाबा, अजून करारावर सही व्हायचीय!" तर म्हणाले, "सही नोव्हेंबरात. मिरवणं आजपासून!"

खरं तर कॉलेजच्या ब्रेनन कोचनी फुटबॉलच्या शिष्यवृत्तीचा नुसता तोंडी शब्द दिलाय. शनिवारी ओमाहाच्या स्पर्धेत त्या सहीआधी माझा खेळ शेवटचा एकदा बघायला येणार आहेत. तोंडी शब्दच तो, मागे घ्यायला कितीसा वेळ लागतो? आमच्या गोलकीपर मॅडीचा पाय मुरगळला आणि तिला शब्द दिलेल्या कॉलेजच्या कोचचे फोनच बंद झाले.

तुला वाटेल, ही पोरगी फोन सोडून कागदावर काय लिहीत बसलीये. फोनकडे बघितलं की डोळ्यांमागे ठणकतं गं. थांब, नीटच सांगते.

मागच्या सामन्यात कॉर्नरला उडी मारली आणि समोरचीचं डोकं माझ्या कानशिलावर आदळलं. उठले, खेळले, गोलही केला. तो गोल मला आठवत नाही. व्हिडिओत बघितला.

दुसऱ्या दिवशी क्लबने संगणकावरची चाचणी घेतली. तू नर्स, तुला माहीतच आहे. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा. हंगामाच्या सुरुवातीला एकदा घेतात, डोक्याला लागलं की पुन्हा, आणि दोन्ही ताडून बघतात. मार्क घसरले की मैदानाबाहेर. म्हणून आमच्यात मोठ्या मुली धाकट्यांना सांगतात, "पहिल्या वेळी जरा मठ्ठ हो गं बाई, पुढे कामाला येतं." ऑगस्टमध्ये मी मुद्दाम उत्तरं चुकवली. शेजारी आमच्या संघातली केलिन खुदुखुदु हसत होती. सगळ्याच करतात.

या वेळी मी जीव तोडून सोडवली, मावशी. एकही उत्तर मुद्दाम चुकवलं नाही. तरी मार्क ऑगस्टएवढेच आले.

ट्रेनर म्हणाला, "ठणठणीत आहेस, जा खेळ!" मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले.

काल सरावात बॉल घेऊन स्वतःच्याच गोलकडे धावले. बाबा कुंपणाबाहेरून ओरडले, "अगं, त्यांच्याकडून पैसे खाल्लेस की काय!" सगळ्या खो खो हसल्या, मीही हसले. पण बाबा ओरडेपर्यंत मला तीच बाजू बरोबर वाटत होती.

आईला सांगितलं तर ती केक-बिक विसरून मला दवाखान्यात नेईल. मला तेच हवंय आणि तेच नकोय. फार भीती वाटते गं. कॉलेज हातचं जाईल याची, आणि पुन्हा डोक्याला लागलं तर काय होईल याची. रात्री झोपायलाही घाबरते.

कागदोपत्री मी ठणठणीत आहे, तेव्हा मला कोणीच थांबवणार नाही. मी स्वतः तर नाहीच. एकदा बूट चढवले की मी खेळणार. म्हणून पत्र मिळाल्याबरोबर निघ. मी तुझ्यावर चिडेन, रडेन, सगळ्यांसमोर म्हणेन की असलं पत्र मी लिहिलंच नाही. कदाचित तेव्हा मला खरंच आठवत नसेल. माझं अजिबात ऐकू नकोस.

तुझी वाट बघणारी, आणि तू येऊ नयेस असंही मनात म्हणणारी,
टेसा